कादंबरीचे बीज आणि बिंदू

१

कादंबरी लिहू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : विषय कोठून आणावा? समीक्षा या प्रश्नाकडे सहसा लक्ष देत नाही. ग्रंथ छापून हाती आल्यावर तिचे काम सुरू होते. त्याअलीकडचे सारे ‘निर्मितिप्रक्रिया’ या सदराखाली लेखकांच्या मुलाखतींवर सोपवलेले असते. मुलाखतींतून मिळणारी उत्तरे बहुतेक वेळा एखाद्या क्षणाची असतात : प्रवासात दिसलेली एक बाई, वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी, लहानपणी आजीकडून ऐकलेली हकीकत. वाचकाला अशा आठवणी आवडतात. होतकरू लेखकाला मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. कारण असे क्षण त्याच्याही संग्रही पुष्कळ असतात आणि तरीही कादंबरी होत नाही.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या नियोजित कादंबरीची साठ-एक पाने मला वाचायला दिली. तो बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगाराचा मुलगा. गावातून निघालेली टोळी, फडाच्या कडेला उभारलेल्या कोप्या, पहाटेच्या थंडीत सुरू होणारी तोडणी, वाढे विकून मिळणारे चार पैसे, मुकादमाची वही, हे सारे त्याने अशा नेमकेपणाने लिहिले होते की मी ती पाने एका बैठकीत वाचली. एकसष्टाव्या पानावर कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावाकडे परतली आणि लेखन थांबले. तो मला म्हणाला, “सर, विषय संपला. दुसरा एखादा विषय सुचवाल का?”

त्या वेळी मी त्याला जे उत्तर दिले ते आज मला चुकीचे वाटते. मी त्याला आणखी अनुभव गोळा करायला सांगितले. त्याला अनुभवाची वाण नव्हती. त्याला कशाची वाण होती, हे नेमक्या शब्दांत सांगता येईल अशी संज्ञा माझ्यापाशी नव्हती. ती संज्ञा आपल्याच परंपरेत उपलब्ध आहे आणि मराठी कादंबरीचर्चेने तिच्या शेजारचीच दुसरी संज्ञा उचलून ही मात्र मागे ठेवली आहे, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

२

‘कथाबीज’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे की त्याचे मूळ नाट्यशास्त्रात आहे याची आठवण राहत नाही. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपक’ या ग्रंथात कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या : बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. बीज म्हणजे आरंभी अल्पशा रूपात सुचवलेला, पुढे अनेक अंगांनी विस्तार पावणारा हेतू. मराठीने यातले बीज घेतले. ‘कार्य’ वेगळ्या नावांनी चर्चेत राहिले, पताका आणि प्रकरी यांचे ‘उपकथानक’ झाले. बिंदू मात्र अभ्यासक्रमाच्या टिपणांपुरता उरला.

बिंदूचे कार्य कोणते? नाटकात मुख्य प्रयोजन सतत पुढे सरकत नाही. मध्येच एखादा उत्सव येतो, एखादे दुय्यम प्रकरण येते, ते संपते आणि कथेचा धागा तुटल्यासारखा होतो. अशा वेळी तो तुटू न देता मुख्य अर्थ पुन्हा हाती देणारे जे तत्त्व, ते बिंदू. धनिकाने आपल्या टीकेत त्याला पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थेंबाची उपमा दिली आहे. त्याने घेतलेले उदाहरण ‘रत्नावली’तले आहे. मदनपूजेचा प्रसंग आटोपतो, आता पुढे काय असा प्रश्न पडतो; तोच, ज्याची पूजा झाली तो साक्षात उदयन राजाच आहे असे सागरिकेला कळते आणि थांबलेले नाटक चालू लागते. यौगंधरायणाने योजलेला बेत हे त्या नाटकाचे बीज आहे. पण पहिला अंक संपवून पुढे जाण्याचे सामर्थ्य त्या बेतात नाही. ते सागरिकेच्या ओळखण्यात आहे.

ही संज्ञा नाटकाची आहे. ती कादंबरीला लावणे कितपत योग्य, असा आक्षेप येथे घेता येईल. मला तर ती नाटकापेक्षा कादंबरीलाच अधिक लागू पडते असे वाटते. नाटक काही तासांत आटोपते. प्रेक्षकाचे भान रंगभूमीच धरून ठेवते. कादंबरी दोनशे-चारशे पाने चालते, लेखक ती महिनोन्‌महिने लिहितो, वाचक ती दहा वेळा खाली ठेवतो. तिच्यात धागा तुटण्याचे प्रसंग अधिक, म्हणून तो पुन्हा जोडणाऱ्या तत्त्वाची गरजही अधिक. लघुकथेला चांगले बीज बहुतांशी पुरते. बीज पेरले, अंकुरले आणि फुलले की तिचे काम झाले. कादंबरीत मात्र बीज पन्नासाव्या पानाच्या आसपास संपते. त्यापुढे लेखकाजवळ काय आहे, यावर ती कादंबरी होणार की लांबलेली गोष्ट, हे ठरते.

३

बीज दुर्मीळ असते, ते प्रतिभावंतालाच गवसते, ही समजूत आधी तपासून पाहायला हवी. आपल्या प्राचीन काव्यशास्त्राने ती कधी फारशी जोपासली नव्हती. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यार्थाची उगमस्थाने चक्क मोजून दिली आहेत. श्रुती, स्मृती, इतिहास, पुराण यांपासून लोकव्यवहारापर्यंत ती सोळा भरतात, आणि त्यांतली बारा आधीच्या आचार्यांनी सांगितलेली आहेत. विषय कोठून घ्यावा हे गूढ असते तर अशी यादी करण्याचे धैर्य त्याला झाले नसते. आनंदवर्धनानेही ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात जुनेच अर्थ नव्याने उजळतात, वसंतातल्या झाडांसारखे, अशी भूमिका घेतली आहे. विषयाच्या नवेपणाला आज येणारे महत्त्व त्या परंपरेत नव्हते.

युरोपीय कादंबरीचा दाखलाही वेगळे सांगत नाही. स्तांदालच्या ‘द रेड अँड द ब्लॅक’ (१८३०) या कादंबरीमागे आंत्वान बर्ते या तरुणाचा खटला आहे. पूर्वी ज्या घरी तो शिक्षक होता तेथल्या बाईंवर त्याने १८२७ साली चर्चमध्ये गोळी झाडली. खटल्याचा वृत्तांत न्यायालयीन बातम्यांच्या पत्रात छापून आला होता, म्हणजे ते बीज फ्रान्समधल्या कोणाही वाचकाला उपलब्ध होते. स्तांदालजवळ अधिकचे होते ते निराळेच. नेपोलियनचा काळ संपल्यानंतर जन्माच्या जोरावर चालणाऱ्या समाजात एका सुताराच्या मुलाने नेपोलियनची भक्ती उशीखाली लपवून जगायचे, आणि बाईचा हात हातात घेण्यापासून सेमिनरीतल्या जेवणापर्यंत प्रत्येक गोष्ट लढाईसारखी जिंकायची, ही जुलियाँची रीत त्याला सापडली होती. गाव, सेमिनरी, पॅरिसमधला सरदारवाडा अशी स्थळे बदलतात, माणसे बदलतात, पण प्रत्येक नव्या ठिकाणी ही रीत पुन्हा कामाला लागते आणि तुटलेली कथा जोडली जाते. खटला हे बीज, आणि ही लपवलेली लढाई हा बिंदू.

हेन्री जेम्सने आपल्या कादंबऱ्यांच्या संकलित आवृत्तीला (१९०७ ते १९०९) जोडलेल्या प्रस्तावना या विषयावरचा एक श्रेष्ठ दस्तऐवज मानल्या जातात. ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ची (१८९७) कुळकथा त्याने तेथे सांगितली आहे. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात शेजारी बसलेल्या बाईंनी सहज एक हकीकत काढली : एका थोर घरातली आई आणि तिचा मुलगा घरातल्या मौल्यवान सामानावरून भांडताहेत. जेम्सला तेवढे पुरले. बाई पुढचा तपशील सांगू लागल्या तेव्हा तो त्याला नकोसा झाला, कारण प्रत्यक्षात पुढे जे घडले ते त्याच्या दृष्टीने कामाचे नव्हते. बीज जितके लहान तितके चांगले, एवढाच बोध या प्रसंगातून सहसा घेतला जातो. मला त्यातून दुसरीही एक गोष्ट दिसते. बाईंची हकीकत थांबवता आली, कारण ती पुढे नेण्याचे साधन जेम्सजवळ आधीपासून होते. वस्तूंवरचे प्रेम आणि माणसांवरचा हक्क यांची सरमिसळ पाहणारी, स्वतः मात्र काहीच न मिळवणारी एक जाणती तरुणी, असे पात्र तो दीर्घकाळ निरनिराळ्या रूपांत हाताळत आला होता. बीज बाईंचे होते. बिंदू त्याचा स्वतःचा.

४

या दोहोंमधले अंतर प्रत्यक्ष निर्मितीत कसे दिसते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दोस्तोयेव्हस्कीच्या ‘डेमन्स’चे (१८७१-७२) आहे. नोव्हेंबर १८६९ मध्ये मॉस्कोच्या कृषी अकादमीतील इव्हानोव्ह नावाच्या विद्यार्थ्याचा खून झाला. सेर्गेई नेचायेव्हच्या गुप्त क्रांतिकारी मंडळातल्या साथीदारांनीच तो केला होता. दोस्तोयेव्हस्की तेव्हा ड्रेस्डेनमध्ये राहत होता आणि रशियन वृत्तपत्रे आवर्जून वाचत होता. त्याच्या पत्नीचा भाऊ त्याच अकादमीत शिकत असल्याने हे वृत्त त्याला अधिकच जवळचे होते.

याहून प्रभावी बीज कल्पिता येणार नाही. विषय ज्वलंत, लेखकाचे मत ठाम, नियतकालिकाकडून मागणी. त्याने त्वेषाने लिहायला घेतले. आपण एक प्रचारकी कादंबरी लिहिणार आहोत असेही त्याने पत्रांतून मोकळेपणाने कळवले. आणि लेखन अडले. १८७० च्या उन्हाळ्यात त्याने लिहिलेला बराच मजकूर बाजूला सारून नव्याने आरंभ केला. मधल्या काळात त्याच्या टिपणवहीत नेचायेव्हच्या साच्यातला पात्र हळूहळू मागे सरला आणि स्टाव्ह्रोगिन पुढे आला. ज्याच्याकडे सगळे काही मागायला येतात आणि ज्याच्यापाशी देण्यासारखे काहीच उरलेले नाही, असा हा माणूस. शातोव्हची श्रद्धा, किरिलोव्हचा आत्महत्येचा सिद्धांत, प्योत्रचे कारस्थान यांचा परस्परांशी वरवर काही संबंध नाही. तिघेही स्टाव्ह्रोगिनकडे वळतात म्हणून ती एक कादंबरी ठरते. इव्हानोव्हच्या खुनाने दोस्तोयेव्हस्कीला शातोव्हचा मृत्यू दिला. त्या मृत्यूपर्यंत पोहोचण्याची वाट स्टाव्ह्रोगिनने दिली.

लक्षात घेण्याजोगे आहे ते असे की, लेखन अडले तेव्हा दोस्तोयेव्हस्कीने विषय बदलला नाही. ‘महापाप्याचे जीवन’ या त्याने मनाशी योजलेल्या दुसऱ्याच कादंबरीतले द्रव्य त्याने या अडलेल्या जागी आणले. होतकरू लेखक नेमके याच्या उलट करतो. अडले की त्याला आपले बीजच खोटे वाटू लागते, आणि तो नव्या बीजाच्या शोधात निघतो. कपाटांत पडून असलेली कादंबऱ्यांची पहिली प्रकरणे बहुधा वाईट बीजांमुळे पडून नाहीत. पहिल्या विच्छेदाशी लेखकाने पाठ फिरवली, म्हणून ती तेथे आहेत.

५

मराठी कादंबरीकडे या दृष्टीने पाहता काही परिचित गोष्टी वेगळ्या प्रकाशात दिसतात. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली आणि १८९३ साली ग्रंथरूप झाली. केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण हे विषय त्या काळच्या पत्रांत आणि सभांत रोजचे होते. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघालेला होता. म्हणजे बीज सार्वजनिक होते. हरिभाऊंनी ते यमूच्या तोंडी दिले. आत्मचरित्राच्या मिषाने बोलणारी, घरातल्या बारीकसारीक गोष्टींत रमणारी, मोठ्यांच्या वागण्याचा अर्थ लावू पाहणारी ही मुलगी ज्या क्षणी निवेदक झाली, त्या क्षणी आठवड्या-आठवड्याने तुटणाऱ्या लेखनाला एक अखंड धागा मिळाला. साप्ताहिकाच्या प्रत्येक अंकाशी कथेचा अक्षरशः विच्छेद होत होता. यमूचे सांगणे तो प्रत्येक वेळी सांधत होते.

‘रणांगण’ (१९३९) आणि ‘बळी’ (१९५०) या दोन कादंबऱ्या एकाच घरातल्या दोन लेखकांच्या आहेत. तेवढ्यासाठीच नव्हे, तर तुलनेसाठीही त्या शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. विश्राम बेडेकरांना युरोपातून परतताना बोटीवर ज्यू निर्वासित भेटले. मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे विभावरी शिरूरकरांनी, सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केले होते. दोघांचाही अनुभव थेट. परंतु दोघांच्याही कृतींना आकार मिळाला तो अनुभवाच्या तीव्रतेतून मिळाला असे म्हणणे अपुरे आहे. ‘रणांगण’मध्ये बोटीचा ठरलेला मार्ग आणि दर बंदरागणिक कमी होत जाणारे दिवस यांनी चक्रधर आणि हॅर्टा यांच्या प्रत्येक भेटीला मोजमाप लावले. कथा भूतकाळात शिरते, इतर प्रवाशांकडे वळते, राष्ट्राराष्ट्रांच्या द्वेषाविषयी बोलते आणि प्रत्येक वेळी बोट तिला परत आणते. ‘बळी’मध्ये हेच काम तारेच्या कुंपणाने केले. वसाहतीतले प्रेम, भूक, चोरी, सुधारणेचे प्रयोग यांतली कोणतीही हकीकत सांगू लागले की ती त्या तारेपाशी येऊन थांबते. कुंपण येथे पार्श्वभूमी म्हणून उरत नाही. १८७१ च्या कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा डोळ्यांना दिसावा असे रूप त्याला या तारेत मिळाले आहे.

‘बनगरवाडी’चे (१९५५) उदाहरण अधिक उद्बोधक आहे, कारण तेथे बीज आणि बिंदू यांतले अंतर एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहात एकेक माणूस हा एकेका लेखनाचे बीज आहे आणि प्रत्येक रेखाटन स्वतःपुरते पूर्ण आहे. ‘बनगरवाडी’तही अशीच माणसे आहेत : कारभारी, आयबू, अंजी, आनंदा रामोशी. ती सुटी सुटी लिहिली असती तर पहिल्याच्या तोडीचा दुसरा संग्रह झाला असता. कादंबरी झाली ती राजाराम मास्तरामुळे. तो केवळ निवेदक आहे म्हणून नव्हे. ही शाळा येथे रुजेल का, आपण येथे उपरे की आपले, ही त्याची शंका कादंबरीभर मिटत नाही. प्रत्येक माणसाची हकीकत ऐकून मास्तर शाळेकडे परततो आणि शंका तशीच असते. तालीम बांधून होते, राजा येऊन जातो, तेव्हा क्षणभर वाटते की उत्तर मिळाले. मग दुष्काळ पडतो, वाडी उठते आणि एकटा आलेला मास्तर एकटा निघतो. माडगूळकर स्वतः तरुणपणी काही काळ खेड्यातल्या शाळेवर मास्तर होते. हे बीज त्यांच्याजवळ ‘माणदेशी माणसं’ लिहितानाही होते. त्या शंकेला आपले स्थान सापडायला मध्ये काही वर्षे जावी लागली.

‘कोसला’त (१९६३) बिंदू घटनेत नाही आणि स्थळातही नाही, तो भाषेत आहे. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला मुलगा नापास होऊन गावी परततो, हे बीज त्या पिढीतल्या असंख्य तरुणांचे होते. वसतिगृह, खानावळ, रोजनिशी, मनीचा मृत्यू, गावातले रिकामे दिवस यांना कथानकाच्या अर्थाने एकत्र बांधणारे काही नाही. बांधते ते पांडुरंगाचे बोलणे. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन निरुपद्रवी शब्दांनी तो प्रत्येक गोष्टीचे महत्त्व काढून घेतो आणि पुढच्या गोष्टीकडे जातो. मनीच्या मृत्यूशी आल्यावर मात्र या बोलण्याचा कस लागतो, कारण तो मृत्यू कशाचे उदाहरण म्हणून सांगता येत नाही. त्या भाषेनेच कादंबरी तोवर वाहून आणलेली असते, म्हणून तेथे ती जड झाल्याचे आपल्याला जाणवते.

पौराणिक कादंबरीविषयी एवढेच पुरे की, खांडेकरांच्या ‘ययाति’चे (१९५९) बीज महाभारतात शतकानुशतके सर्वांसमोर पडलेले होते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनी आळीपाळीने आपापली बाजू सांगायची, म्हणजे एकाचे सांगणे जेथे स्वतःला फसवते तेथून दुसऱ्याचे सुरू व्हायचे, ही योजना खांडेकरांची आहे. ती कादंबरी ज्यांना आवडत नाही त्यांनाही ती सलग वाचावी लागते, ते या योजनेमुळे.

६

मराठीत ‘विषय कोठून आणावा’ या प्रश्नाला आजवर तीन प्रकारची उत्तरे मिळाली आहेत, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पहिले ना. सी. फडक्यांचे. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी कथालेखनाची तंत्रबद्ध मांडणी केली. या ग्रंथाची पुढे पुष्कळ टिंगल झाली, तरी लेखन ही शिकता येण्याजोगी गोष्ट आहे हे मराठीत इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी सांगितले, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या विचारात वाचकाची उत्कंठा मध्यवर्ती आहे. गुंतागुंत वाढवावी, ती सोडवावी आणि दरम्यान वाचकाला पुस्तक खाली ठेवू देऊ नये. बिंदूचे कार्य येथे रहस्याकडून करून घेतले जाते. रहस्य उलगडले की त्याची शक्ती संपते, म्हणून अशी कादंबरी दुसऱ्यांदा वाचवत नाही.

दुसरे उत्तर नवसाहित्याच्या काळात आले : लेखकाने आपल्या अनुभूतीशी प्रामाणिक राहावे. या भूमिकेने लघुकथेला अपूर्व बळ दिले. कादंबरीला तिचा लाभ मर्यादित झाला, कारण अनुभूती क्षणाची असते आणि कादंबरी क्षणांच्या मधल्या काळाची. पुढे दलित आणि ग्रामीण साहित्याने अनुभवाचा प्रदेश फार विस्तारला, तेव्हा हीच भूमिका वेगळ्या रूपात परत आली : ज्याने सोसले त्याच्यापाशी विषय आहे. हे खरेच आहे. परंतु विषय असणे आणि कादंबरी असणे यांतले अंतर त्याने मिटत नाही. आपल्याकडे या नव्या लेखकांतल्या अनेकांनी पहिले समर्थ लेखन आत्मकथनाच्या रूपात केले. आत्मकथनात बिंदू आयता मिळतो. ‘मी’चे आयुष्य हाच तो असतो. कादंबरीत तो घडवावा लागतो.

तिसरे उत्तर भालचंद्र नेमाडे यांचे. ‘टीकास्वयंवर’मधील (१९९०) ‘मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप’ या लेखाने ‘प्रेरणा’ हा शब्दच व्यक्तीच्या मनातून उचलून समाजाच्या इतिहासात नेला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कृतींपासून तीन प्रवृत्ती निघतात आणि नंतरची कादंबरी त्यांतून वाहते, हे त्यांचे प्रतिपादन सुपरिचित आहे. लघुकथेविषयीची त्यांची नापसंतीही तितकीच सर्वश्रुत आहे. त्यांच्या मांडणीने प्रेरणेची भाबडी, रोमँटिक कल्पना कायमची मोडीत निघाली आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण लिहून झालेल्या कादंबऱ्यांचे वर्गीकरण करणारी ही प्रेरणा लिहित्या हाताला एकसष्टाव्या पानावर काय सांगते? लेखकाने कोणत्या प्रवृत्तीत उभे राहावे हे ती सांगते. अडलेल्या जागी काय पाहावे हे सांगत नाही. ‘कोसला’च्या लेखकाला ते सिद्धांतावाचून ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

७

बिंदूचा असा आग्रह धरला तर त्याचेही एक तंत्र बनेल, ही भीती रास्त आहे. उद्या एखादा लेखक बीज आणि बिंदू अशी दोन खाती मांडून बसेल आणि दोन्ही भरल्यावर लिहायला घेईल. असे होणार नाही, कारण बिंदू आगाऊ ठरवता येत नाही. तो विच्छेदाच्या जागी दिसतो. विच्छेद यायचा तर आधी लिहावे लागते. दोस्तोयेव्हस्कीने टाकून दिलेली पाने वाया गेली नव्हती. कोठे तुटते हे त्यांनीच त्याला दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पूर्ण झालेल्या कादंबरीत बिंदू दाखवणे सोपे असते. अपूर्ण लेखनात तो ओळखायचा कसा? याचे निर्णायक उत्तर देता येणार नाही, परंतु काही खुणा सांगता येतात. लेखकाला न विचारता जे तपशील मजकुरात पुन्हा पुन्हा आलेले असतात, त्यांत तो असण्याचा संभव जास्त. ज्याच्याशी परस्परांचा संबंध नसलेली पात्रे आपापल्या कारणांनी जोडलेली असतात, तेथे तो असण्याचा संभव जास्त. आणि ज्याचे उत्तर लेखकाला स्वतःला ठाऊक नाही, तेथे तर तो बहुधा असतोच. श्याम मनोहर यांच्या कादंबऱ्यांत एखादा प्रश्नच सारे ओढून नेताना दिसतो, तो यामुळेच. उलट ज्या विषयावर लेखकाचे मत पक्के झालेले आहे तेथे बीज भरपूर मिळते, पण पुढे जायला कारण उरत नाही.

म्हणून होतकरू कादंबरीकाराला द्यायचा सल्ला असा असू शकेल : विषयांची वही ठेवू नका. आपण आधी लिहिलेले वाचा, आणि आपण कशाकडे परत परत जातो ते पाहा. लेखन अडले की नवा विषय शोधायला उठू नका. ते जेथे अडले ती जागा त्या कादंबरीविषयी तुम्हाला तोवर मिळालेली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे.

मध्यंतरी ती साठ पाने मी पुन्हा वाचली. पहिल्या वेळी मला थंडी दिसली होती, फड दिसला होता, माणसे दिसली होती. या वेळी मुकादमाची वही दिसली. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात ती कोणीतरी उघडते. बाप आजारी पडतो, वही उघडते. कोणाचे लग्न ठरते, वही उघडते. एक बाई टोळीतून निघून जाते, तेव्हा एक कोयता कमी झाला म्हणून वही उघडते. हंगामाच्या आरंभी घेतलेली उचल शेवटपर्यंत फिटत नाही. पट्टा पडतो, टोळी गावी येते आणि बाकी पुढच्या सालावर चढते. विद्यार्थ्याला वाटले होते की हंगाम संपला म्हणून विषय संपला. त्याच्या स्वतःच्या मजकुरात एक अंक तसाच शिल्लक होता आणि तो टोळीबरोबर गावात शिरला होता. गावातली शाळा, बहिणीचे स्थळ, पुढच्या दिवाळीचा मुकादम या सगळ्यांपर्यंत तो अंक पसरू शकत होता, धनिकाने म्हटलेल्या तेलाच्या थेंबासारखा.

मी त्याला तसे कळवले. त्याने उत्तरात लिहिले की, वहीचा उल्लेख इतक्या वेळा आलेला त्याच्या लक्षातच आला नव्हता. घरी ती तशीच उघडली जायची, म्हणून आली असावी. कादंबरी अजून पूर्ण झालेली नाही. परंतु तो आता दुसरा विषय मागत नाही.